आजीचं जाळीचं कपाट: रंगाचा डबा उघडण्याआधीची कामं

नमस्कार.

माझ्या मागे उभं आहे ते आमच्या आजीचं जाळीचं कपाट. ज्यांच्या घरात फ्रीज उशिरा आला त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरच्या फळीवर दूध, साय, विरजण. मधे उरलेली आमटी-भाजी. खाली लोणच्याच्या बरण्या. मांजराने तोंड घालू नये म्हणून दाराला जाळी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आजी गेल्यावर ते जिन्याखाली गेलं आणि तिथेच राहिलं. मध्यंतरी भंगारवाला दाराशी आला तेव्हा आई म्हणाली, "हे देऊन टाकूया का गं?" मी कडी काढून आत डोकं घातलं. इतक्या वर्षांनीही आत हळदीचा आणि दुधाचा वास होता. नाही दिलं.

आज हे रंगवायचंय. पण ब्रश बराच उशिरा हातात येणार आहे, हे आत्ताच सांगते. जुन्या लाकडावरचा रंग टिकणार की वर्षभरात पापुद्रे सुटणार, हे डबा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून आज जास्त वेळ तिथेच घालवूया.

पहिला प्रश्न, मुळात रंगवायचं का? खणाचा तळ किंवा कपाटाची पाठ, जिथे सहसा कुणी पॉलिश लावत नाही, तिथे ओला फडका फिरवा. सोनेरी-तपकिरी रेषा उठून आल्या तर बहुतेक साग. काळसर-जांभळट दिसलं तर शिसव. अशा लाकडावर कृपा करून रंग चढवू नका. जुनं पॉलिश उतरवून नवं करा, त्याचं सोनं होईल.

हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी मी मावशीचा सागवानी टीपॉय पांढरा रंगवला. नीट घासला, पाण्यातल्या रंगाचे दोन हात दिले, सुरेख दिसला. चौथ्या दिवशी मधोमध चहा सांडल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग. तिसरा हात दिला, डाग परत वर. झालं काय, तर अशा लाकडात स्वतःचा रंगीत अर्क असतो, टॅनिन आणि तत्सम द्रव्यं. रंगातलं पाणी लाकडात शिरतं, अर्क विरघळवतं आणि वाळताना तो अर्क वर घेऊन येतं. तुम्ही वरून कितीही हात मारा, डाग येतच राहतात. यावर उपाय आहे, तो पुढे सांगते. पण त्या टीपॉयच्या रेषा मी झाकल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

आजीचं कपाट तसं नाही. आंब्याच्या फळ्या आहेत, जागोजागी गाठी आणि जोड. आणि हे बघा,

(दाराचा कोपरा जवळून)

इथे टवका उडालाय. वर क्रीम, त्याखाली पोपटी, त्याखाली आकाशी. तीन पिढ्यांचे रंग आहेत. याला रंगच शोभतो.

आता हा भाग नीट ऐका, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात किती आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून मी ते आहे असंच धरून चालते. सुकं घासायचं नाही. मशिन लावायचं नाही. उष्णतेने रंग सोलायचा तर अजिबात नाही, त्याने शिशाची वाफ होते. नाकाला एन-95 मास्क, रुमाल चालत नाही. मुलं त्या खोलीत नकोत. आणि जिथे जुना थर घट्ट बसलाय तिथे तो खरवडून काढायचा अट्टहास धरू नका. नवीन थराखाली तो बंद राहिलेलाच बरा.

बरं, घासण्याच्याही आधी धुणं. ही गोष्ट फार लोक उलट करतात. तेलकट लाकूड आधी घासलं की तेल आणखी आत जातं.

(कडीची जागा जवळून)

कडीभोवतीचा हा काळपट, चकचकीत डाग बघा. तळहाताएवढा आहे. आजी फोडणी घालता घालता मागे वळायची आणि त्याच हाताने कडी काढायची. वर्षानुवर्षं. मी नखाने खरवडते... हे असं मेणासारखं निघतं. यावर जगातला कुठलाही रंग बसणार नाही. आरामखुर्चीचं असंच असतं, डोकं टेकतं तिथे खोबरेल मुरलेलं असतं, आणि रंग पहिल्यांदा तिथूनच सुटतो.

अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा. हातात रबरी मोजे. फडका घट्ट पिळून घ्यायचा, लाकूड भिजवायचं नाही, सांधे फुगतात. पुसून झालं की साध्या पाण्याचा फडका, कारण सोडा राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. झालं का स्वच्छ, हे कसं कळणार? ओल्या हाताने चार थेंब शिंपडा. पाणी मोत्यासारखं गोळा होऊन बसलं तर तेल अजून आहे. सपाट पसरलं तर निघालं. या कडीपाशी मला तीनदा धुवावं लागलं. मग एक पूर्ण दिवस वाऱ्यावर वाळू द्यायचं.

वाळल्यावर 220 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. हेतू रंग काढायचा नाही, फक्त चकाकी मारायची. हाताला काच लागल्यासारखं वाटत होतं, ते आता पाटीसारखं लागलं पाहिजे. निघालेला चिखल ओला असतानाच फडक्याने उचलायचा, फडका पिशवीत बांधून टाकून द्यायचा, आणि हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

आता पाय. वाट्यांमधलं पाणी मुंग्यांपासून वाचवत होतं, पण पायच खात होतं. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. तिथे लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरून चालत नाही. आमच्या सुतारकाकांनी चारही पाय दोन-दोन इंच कापून सागाचे तुकडे जोडून दिले. पायाचा तळ म्हणजे लाकडाचं कापलेलं तोंड, ते फरशी पुसतानाचं पाणी गवताच्या काडीसारखं वर ओढतं. म्हणून तळाला मी वेगळं सील केलंय. सगळे रंगवतात ते दिसणाऱ्या बाजूला, आणि पाय कुजतो तो न दिसणाऱ्या बाजूने.

बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून दोन-चार दिवस ठेवा. कागदावर ताजी पिवळसर पूड पडली तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग बाकी सगळं. आमच्याकडे पूड नव्हती, भोकं जुनी होती. ती आणि खिळ्यांची भोकं लांबीने भरली, वाळल्यावर घासली, यात फार सांगण्यासारखं काही नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

(हातात चपड्याची पुडी)

हा चपडा. मधासारखे पारदर्शक पापुद्रे. लाखेचा किडा झाडाच्या फांदीवर जी राळ सोडतो, ती शुद्ध करून हे बनतं. झारखंडात कुसुम, पळस, बोर या झाडांवर लाखेची शेती होते. आपले पॉलिशवाले पिढ्यान्‌पिढ्या हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावत आलेत. पॉलिश म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. पण रंगाखाली तो भिंतीसारखं काम करतो. लाकडाचा अर्क, जुना वास, गाठीतला चीक, सगळं अडवतो. मावशीच्या टीपॉयवर जे डाग येत राहिले, ते चपड्याचे दोन हात दिल्यावर थांबले. हाच तो उपाय.

एक लिटर स्पिरिटला साधारण 200 ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रात्रभर. सकाळी तळाशी गढूळ साका बसतो, ते त्यातलं मेण. वरचं नितळ तेवढं घ्यायचं, कारण मेणावर पाण्यातला रंग नीट चिकटत नाही. लागेल तेवढंच बनवा. जुनं झालेलं मिश्रण वाळतच नाही, चिकट राहतं. आणि स्पिरिट भुरकन पेटतं, स्वयंपाकघरात हे काम करू नका, देवापाशी निरांजन असेल तर आधी शांत होऊ द्या.

कपाटाच्या आतल्या बाजूला मी फक्त चपडाच दिलाय, रंग नाही. बंद जागेत ऑइलपेंटचा वास महिनोन्‌महिने राहतो. शिवाय पांढरा ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो, तुमच्या जुन्या कपाटांच्या आत बघा, बाहेरपेक्षा आत जास्त पिवळं असेल. चपड्यातलं स्पिरिट उडून गेलं की वास उरत नाही.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवताना बघाल तर हीच शिस्त दिसेल. पारंपरिक पद्धतीत आधी चिंचोक्याची खळ, मग खडूचं अस्तर, ते घोटून गुळगुळीत करायचं, त्यावर चित्र आणि वरून लाख. चित्र शेवटाकडे येतं, त्याआधीची मेहनत कुणाला दिसत नाही. आज चॉक पेंट म्हणून जो मखमली रंग गाजतोय, तो इंग्लंडमधल्या ॲनी स्लोन यांनी 1990 मध्ये बनवला. सुंदर दिसतो, फार घासावंही लागत नाही. पण त्यावर नुसतं मेण लावलं तर आपल्याकडच्या गरम चहाच्या कपाचं वर्तुळ त्यावर उमटतं. रोज वापरायच्या वस्तूवर तो लावलात तर वरून पाण्यातलं क्लिअर कोटिंग द्या.

मी या कपाटासाठी पाण्यातलं इनॅमल घेतलंय. आधी अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, एक हात. तो पूर्ण वाळल्यावर एक परीक्षा घ्यायची, ती चुकवू नका. मागच्या बाजूला ब्लेडने जाळीसारख्या बारीक रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे तुकडे आले तर खाली कुठेतरी तेल राहिलंय किंवा चकाकी मारली गेलेली नाही. आत्ताच कळलेलं बरं.

(पट्टी ओढताना)

कोरी आली.

आता रंग. हात पातळ द्यायचे, एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही चांगले. उन्हात ठेवून रंगवू नका, वरची साय धरते आणि आतलं ओलं राहतं, मग फोड येतात. पावसाळ्यातही नको. हवा दमट असेल तर रंग वाळतो खरा, पण घट्ट होत नाही. चपडा तर दमट हवेत पांढरट धुरकट पडतो. दिवाळी ते मे, हा आपला हंगाम. दोन हातांच्या मध्ये 320 नंबरने हलकं घासलं की ब्रशचे ओरखडे जातात. दाराच्या कडा आणि खणाच्या सरकपट्ट्यांना रंग देऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, रंगाच्या जाडीने ते आणखी अडकतं. तिथे मेणबत्ती घासा, पुरते.

रंग पोपटीच घेतलाय, मधल्या थरातला. अर्धा लिटरमध्ये तीन हात झाले, थोडा उरला.

आणि आता थांबायचं. हाताला सुकलेला रंग म्हणजे पक्का झालेला रंग नव्हे. चार तासांत बोट लागत नाही, पण आतून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी वस्तू मांडली तर खालचा रंग तिला चिकटतो, आणि दार लावून ठेवलं तर दार चौकटीला चिकटतं, उघडताना पापुद्राच येतो.

शेवटचा हात दिल्याला आज पाचवा दिवस. दारात मी वर्तमानपत्राची घडी अडकवून ठेवलीये. आईने कपबश्या धुऊन, पुसून टेबलावर मांडून ठेवल्यात आणि रोज सकाळी विचारते, "झालं का?" नवी जाळी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलीये, ती ठोकायला सुतारकाका पुढच्या महिन्यात येतील.