पुढच्या सिंहस्थापर्यंत

(मंडळाच्या मेलबर्न येथील जून मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग. वक्त्या नाशिकच्या निवृत्त शिक्षिका आहेत.)

नमस्कार मंडळी.

मी नाशिकची. पंचवटीत वाढले, सासरही तिथलंच, आणि तिथल्याच एका शाळेत तीसेक वर्षं मराठी शिकवलं. सध्या लेकीकडे आले आहे. तुमच्या कार्यकर्त्यांनी "काहीही बोला, पण मनातलं बोला" असं सांगितलं, म्हणून गेली तेवीस वर्षं मनात असलेल्या एका गोष्टीबद्दल बोलते: आयुष्यात काय करायचं त्याची यादी.

आमच्या घरात काळ मोजायची पट्टी वेगळी होती. आजी कधी साल सांगायची नाही. "तुझ्या काकाचं लग्न ना? सिंहस्थ उलटला आणि लगेच केलं." "वाड्याची भिंत पडली ती आधल्या सिंहस्थाच्या पावसात." सिंहस्थात गोदाकाठी लग्नकार्य करायचं नाही ही जुनी रीत, त्यामुळे घरातल्या तारखा त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडायच्या. गुरू ग्रहाला सगळ्या राशींमधून फिरून यायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. तो सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ कुंभमेळा, रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर पर्वणीचं स्नान. मला आठवतो तो पहिला सिंहस्थ १९६८चा. दहा वर्षांची होते, आजीच्या पदराला गाठ मारून घेतली होती, गर्दीत हात सुटला तरी गाठ सुटू नये म्हणून. नंतर १९८०, १९९१-९२, २००३, २०१५. आता २०२७चा येतोय.

मोजले तर सहा. ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला सहा-सात सिंहस्थ येतात, त्यांतला पहिला तर कडेवर बसूनच जातो. आयुष्य ऐंशी वर्षांचं म्हटलं की पुष्कळ वाटतं. सहा सिंहस्थांचं म्हटलं की छातीत थोडं धस्स होतं. मला ते धस्स होणं फार कामाचं वाटतं.

२००३च्या जूनमध्ये माझ्याकडे दहावीची तुकडी होती. शहरभर सिंहस्थाची तयारी चाललेली, मुलांचं लक्ष वर्गात कुठलं असणार! त्या सुमाराला मी जॉन गोडार्ड या अमेरिकन भटक्याबद्दल वाचलं होतं. १९४० साली, पंधराव्या वर्षी, त्याने एका कागदावर आयुष्यात करायच्या १२७ गोष्टी लिहून काढल्या. पुढे १९५०-५१मध्ये तो खरोखरच दोन सोबत्यांबरोबर छोट्या होड्यांतून नाईल नदी उतरला. त्या यादीतल्या शंभराहून अधिक गोष्टी त्याने केल्या. चंद्रावर जायचं होतं, ते राहिलं. मला त्यातलं आवडलं ते हे, की नाईल नदी आणि मिनिटाला पन्नास शब्द टंकलेखन या दोन्ही गोष्टी एकाच यादीत होत्या. लहान इच्छेला त्याने बाहेर उभं केलं नव्हतं.

माझ्या वर्गातली मुलंही पंधराचीच. मी फुलस्केपचे कागद वाटले आणि फळ्यावर लिहिलं, "पुढच्या सिंहस्थापर्यंत". मीही खुर्चीत बसून लिहिलं. सगळे कागद घडी घालून घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आणि मुलांना सांगितलं, २०१५ला घरी या आणि आपापला कागद घेऊन जा.

बारा वर्षांनी मुलं आली. सगळी नाही. काही परदेशी होती, काहींचा पत्ता लागला नाही, आणि एक कागद मी एका आईच्या हातात दिला, कारण घ्यायला यायचं तो मुलगा राहिला नव्हता. त्या माउलीने तो उघडला नाही. पदरात बांधून नेला.

"मोठा माणूस होणार", "खूप यशस्वी होणार", "देशाची सेवा" असं ज्यांनी लिहिलं होतं, ती मुलं कागद बघून गप्प झाली. त्यांतली बरीच चांगल्या नोकऱ्यांत होती, संसारात सुखी होती. पण आपण लिहिलेलं झालं की नाही, हे त्यांना सांगताच येईना. याउलट एकीने लिहिलं होतं, "आईला विमानात खिडकीपाशी बसवायचं." ती दारातूनच ओरडली, "बाई, बसवली!" आणखी एका मुलीच्या कागदावर एकच ओळ होती, "बाबांची दारू सुटली पाहिजे." सुटली नव्हती. ती माझ्या ओट्यापाशी उभी राहून रडली आणि म्हणाली, "बाई, बारा वर्षं मी याच एका ओळीत नापास होतेय." तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. आता सांगता येतं. ती ओळ तिच्या हातातली नव्हतीच. दुसऱ्याने बदलावं ही इच्छा असते, आणि ती जरूर असावी, पण यादीत लिहायची ती आपल्या हातातली बाजू. "दर महिन्याला एकदा बाबांना उपचारकेंद्रात घेऊन जाईन", किंवा अगदी "बाबांच्या पायी माझं शिक्षण थांबू देणार नाही." हे मी पंधरा वर्षांच्या पोरीला तेव्हाच शिकवायला हवं होतं.

सगळ्यात जास्त शिकले ते आडगावच्या एका विद्यार्थ्याकडून. त्याच्या घरची दोन एकर द्राक्षबाग. कागदावर सात गोष्टी होत्या, त्यांत ही तीन: बागेवरचं कर्ज फेडायचं, पोहायला शिकायचं, समुद्र बघायचा. तिन्ही झालं होतं. त्याने घरी जाऊन त्याच दिवशी वहीत यादी पुन्हा उतरवून ठेवली होती, आणि वर्षातून दोनदा, छाटणीच्या आदल्या रात्री, तो ती वही काढायचा. तुमच्यातले नाशिक-सांगलीकडचे जाणतात, आमच्याकडे द्राक्षाची छाटणी दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. तो म्हणाला, "बाई, लोकांना वाटतं ऑक्टोबरात छाटलं की घड येतात. पण घड येणार की नुसता पाला, ते एप्रिलनंतरच्या उन्हात काडीच्या आतल्या डोळ्यात ठरून गेलेलं असतं. ऑक्टोबरात फक्त दिसतं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि काड्या जास्त राखल्या ना, तर एकही घड धड भरत नाही. मी वहीतल्या चार गोष्टी खोडल्या तेव्हा या तीन झाल्या."

ध्येय या विषयावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत बसले आहे. या पोराइतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही. खोडणं म्हणजे हार नाही. वेलीवर प्रेम असणाराच कात्री चालवतो.

इथे एक सांगायला हवं, कारण तुमच्याही फोनवर हे फिरत असेल. १९५३ साली येल विद्यापीठातल्या तीन टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांकडे बाकी साऱ्यांपेक्षा जास्त पैसा होता, अशी ती गोष्ट. असा अभ्यास झालेलाच नाही. मीही ती वर्गात सांगितली होती, आणि खोटी आहे हे कळल्यावर पुढच्या तुकडीला तसं सांगितलंही. नुसतं लिहिल्याने काही होत नाही, याचा पुरावा माझाच कागद आहे. २००३ला मी लिहिलं होतं, "साल्हेर चढायचा." २०१५ला कागद उघडला तेव्हा मी साल्हेरच्या पायथ्यालाही गेले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातला, बागलाणातला किल्ला, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच, १५६७ मीटर. आणि मी सत्तावन्नची झालेली.

पीटर गोलविट्झर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी दाखवून दिलं आहे की "मी अमुक करीन" एवढ्यावर न थांबता "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन" असं ठरवलं, तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून २०१५ला मी साल्हेरच्या शेजारी लिहिलं, "दर रविवारी पहाटे साडेपाच, पांडवलेणी." बस्स. साल्हेर नाही, पांडवलेणी. पहिल्या रविवारी अर्ध्या पायऱ्यांवर दोनदा टेकले. दोन-तीन महिन्यांनी न थांबता वर जायला लागले. मग चामरलेणी, मग अंजनेरी, श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. आणि २०१७च्या डिसेंबरात, एकोणसाठाव्या वर्षी, साल्हेरवाडीतून पहाटे चढायला सुरुवात केली. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, वर गंगासागर तलाव, आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ. समोर सालोटा, पलीकडे मांगी-तुंगी. १६७२ साली याच किल्ल्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले होते. तिथे उभी राहिल्यावर वाटलं, आजवर ऐकीव सांगत होते.

वयाचं कारण सांगणाऱ्यांसाठी आमच्याकडे दादासाहेब फाळके आहेत. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पडद्यावर हलती चित्रं पाहिली आणि ठरवलं, हे मी करणार. पैसा नाही, यंत्र नाही, देशात शिकवणारा कोणी नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ला लंडन गाठलं, कॅमेरा आणला. आणि मग पहिलं काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चित्र टिपत, दिवसांमागून दिवस, चित्रित केलं. ते बघून पैसे लावणारे तयार झाले. १९१३ला त्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्या रोपाची आठवण ठेवा. यादीतली मोठी गोष्ट समोर आली की मी स्वतःला विचारते, यातला वाटाणा कुठला?

आता खास तुमच्यासाठी एक गोष्ट, आणि ती बोलताना मला जड जातं, कारण माझी लेक समोर बसली आहे.

तुमच्या याद्यांत घर असेल, नोकरीतली पुढची पायरी असेल, मॅरेथॉन असेल. ते सगळं लिहा. पण प्रत्येक ओळीशेजारी, त्या ओळीत जी माणसं आहेत, त्यांची २०३९ सालची वयं लिहा. २०२७नंतरचा सिंहस्थ तेव्हा येईल. आई सत्तरीची आहे आणि तुम्ही दोन वर्षांतून एकदा गावी जाता, म्हणजे तोपर्यंत तुमच्या सहा भेटी. आणि त्या सहांतल्या प्रत्येकीत बँक, दाताचा डॉक्टर, नातेवाइकांची जेवणं. "आईबरोबर त्र्यंबकला जायचं" ही ओळ मॅरेथॉनच्या खाली लिहू नका. मॅरेथॉन पन्नाशीतही पळता येते. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आईचे गुडघे किती दिवस चढू देतील, हे तुमच्या हातात नाही.

आणि नातवंडांच्या ओळी. माझ्या नातीला मराठी छान बोलता येतं, वाचता येत नाही. मी तिच्याशी फोनवर बोलते, पण जे लिहिते ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. लेकीने गेल्या आठवड्यात स्वतःच्या कागदावर लिहिलं, "शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास, तिच्यासोबत बाराखडी." वार, वेळ, जागा, सगळं आहे. गेल्या शनिवारी त्या दोघी 'क'पासून 'ङ'पर्यंत आल्या. 'ङ' कसा म्हणायचा यावर दोघींचं एकमत होईना, म्हणून मला स्वयंपाकघरातून हाक मारली.

चहाच्या टेबलाशेजारी मी कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. शक्यतो मराठीत लिहा, मनातलं लवकर बाहेर येतं. तीन गोष्टी पुरेत, जास्त काड्या राखू नका. नक्कल स्वतःकडे ठेवा, मूळ कागद घडी घालून वर नाव लिहून मला द्या. मी ऑगस्टमध्ये परत जाते आहे. कागद पंचवटीतल्या त्याच ट्रंकेत राहतील. २०३९ला मी एक्याऐंशीची असेन. ट्रंकेची दुसरी किल्ली लेकीकडे देऊन ठेवली आहे.