दुधाच्या खोक्यातली चिल्लर

(दृश्य: टेबलावर दुधाचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका. एका लहान मुलीचे हात त्यावर रंगीत कागद चिकटवताहेत.)

सणाला मुलांनी दारोदार जाऊन दुसऱ्या मुलांसाठी पैसे जमवायचे, ते या खोक्यात. तो आधी नीट धुवावा लागतो. आत थेंबभर दूध राहिलं तरी दोन दिवसांत आंबूस वास सुटतो, आणि पैसे मोजायच्या वेळी तोच वास नाण्यांना येतो. मग वर चीर पाडायची. नाणं सहज आत जावं, पण इवलंसं बोट शिरू नये, एवढीच. कात्री मोठ्यांच्या हातात. बाकीचं काम मुलांचं.

असेच दुधाचे खोके घेऊन १९५० साली, हॅलोविनच्या संध्याकाळी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका घरातली मुलं शेजारीपाजारी फिरली होती. ३१ ऑक्टोबरला तिथली मुलं सोंगं घेऊन घरोघर जातात, गोळ्या-चॉकलेटं मागतात. मेरी एमा अ‍ॅलिसन आणि त्यांचे धर्मोपदेशक पती क्लाइड यांच्या मुलांनी त्या वर्षी नाणी मागितली. दूर देशांतल्या, कधी न पाहिलेल्या मुलांसाठी.

कल्पना सुचली ती आदल्या वर्षी. मेरी एमा मुलांना घेऊन थंडीचे कोट घ्यायला निघाल्या होत्या. वाटेत मुलांची एक मिरवणूक लागली. अंगावर देशोदेशीचे पोशाख, आणि सोबत चक्क एक गाय! मिरवणुकीच्या मागोमाग त्या एका मोठ्या दुकानात शिरल्या. आत युनिसेफचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेचं, टेबल मांडलेलं होतं. मुलांच्या दूध पावडरीसाठी पैसे गोळा करणं चाललं होतं. महायुद्ध संपून तेव्हा चारच वर्षं झाली होती. युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी डिसेंबर १९४६मध्ये स्थापन झालेली युनिसेफ तेव्हा नवीच होती.

मेरी एमांना पाकिटात पैसे घालून पाठवून देता आले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी ते काम मुलांच्या हातात दिलं. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पहिल्या फेरीत जमले १७ डॉलर.

क्लाइड चर्चच्या प्रकाशनांचं काम पाहत. त्यांतून ही कल्पना इतर घरांपर्यंत पोचली. १९५३मध्ये युनिसेफच्या अमेरिकन समितीने ती उचलून धरली. १९६७मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबर हा युनिसेफचा राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. मुलांच्या या खोक्यांतून आजवर १५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली आहे.

(दृश्य: संध्याकाळ. एका दारासमोर दोन मुलं. वडील मागे, चार पावलांवर.)

ही चार पावलं महत्त्वाची आहेत. मोठं माणूस शेजारी उभं राहिलं की दार उघडणारा त्याच्याशीच बोलू लागतो, आणि मूल नुसतं खोका धरायला उरतं. फार मागे राहिलं तर मूल बावरतं. बोलायचं ते घरी आधी म्हणून पाहिलेलं असतं: आम्ही कोण, पैसे कशासाठी, कुणाकडे जाणार. तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत ते पाठ केल्यासारखं येतं, मग आपोआप स्वतःचं होतं. कुणी नाही म्हटलं तरी ‘थँक्यू’ म्हणून पुढे जायचं, हेही ठरवून ठेवावं लागतं. पहिला नकार मुलांच्या जिव्हारी लागतो.

रिकाम्या खोक्यात पहिलं नाणं पडतं तेव्हा केवढ्याने वाजतं! खोका भरत जातो तसा आवाज दबत जातो. मुलं तो कान लावून ऐकतात.

पैशांऐवजी वस्तू गोळा करायच्या असल्या, तर सगळा जीव निवडण्यात लागतो. सणाच्या निमित्ताने लोक मनापासून देतात, आणि कधी कधी नको झालेलंही देतात. चाक निखळलेली गाडी, तुकडे हरवलेलं कोडं. अशा वेळी मुलांना एकच प्रश्न द्यावा: ‘हे मला कुणी दिलं असतं, तर मी खेळलो असतो का?’ मोठी माणसं भिडेपोटी जे बाजूला काढत नाहीत, ते मुलं झटकन काढतात.

सगळ्यात जास्त पैसे आणणाऱ्याला बक्षीस ठेवावं, असं आयोजकांपैकी कुणाला तरी हमखास सुचतं. कृपा करून ठेवू नका. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये जेमतेम वीस महिन्यांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू मिळाली, ती मुलं पुढच्या खेपेला कमी मदत करू लागली. २०१२मध्ये कॅनडातल्या लारा अ‍ॅकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी सुंदर गोष्ट दिसली. दोन वर्षांच्या आतली मुलं स्वतःला खाऊ मिळाल्यापेक्षा तो बाहुल्याला देताना जास्त खुलली. आणि स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना तर त्याहूनही जास्त.

म्हणून खोक्यातलं पहिलं नाणं मुलाचं स्वतःचं असावं. आईने पर्समधून काढून हातात ठेवलेलं नको.

आता ज्यांच्यासाठी हे चाललंय, त्यांच्याविषयी. काय हवंय ते आधी त्यांना विचारायचं. वस्तू पोचवताना त्यांच्या मुलांना रांगेत उभं करून फोटो काढायचे नाहीत. सणाच्या दिवशी हात पुढे केलेला स्वतःचा फोटो कुठल्याच मुलाला नको असतो. या चित्रफितीतही म्हणूनच ते चेहरे दिसणार नाहीत.

(दृश्य: रात्र. जमिनीवर चादर, तिच्यावर नाण्यांच्या थप्प्या.)

मोजणी सगळ्यांसमोर. दहा-दहाच्या थप्प्या. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा जुळला तरच कागदावर लिहायचा. आकडा लिहिते ती सर्वांत धाकटी, कारण तिला नुकतेच अंक लिहिता येऊ लागलेत. वळण मोठं आहे, एक अंक ओळीबाहेर गेलाय. खाली दोन सह्या. संस्थेची पावती आली की ती याच कागदाला टाचली जाईल आणि भिंतीवर लागेल, मुलांना वाचता येईल इतक्या खाली.

चादर आवरताना धाकटी रिकामा खोका उचलून हलवते. आत काहीतरी वाजतं. उलटा करून थोपटला तरी पडत नाही. तळाच्या घडीत एक नाणं अडकलंय.

बहीण-भाऊ पेंगुळलेत, आई दिवा मालवायला उठलीय. ती मात्र कागद पुन्हा मागून घेते, आकड्यावर काट मारते, आणि खाली नवा आकडा लिहायला बसते.