काजूची लेव्ही कुठे जाते? टांझानियाचा अनुभव

टांझानियाचा बहुतेक काजू दक्षिणेकडच्या म्त्वारा आणि लिंडी या दोन प्रांतांत पिकतो. आपल्या कारखानदारांना हा माल चांगला ठाऊक आहे. आपली कच्ची काजूबी फेब्रुवारीत सुरू होते, पश्चिम आफ्रिकेचीही त्याच सुमारास. टांझानियाची मात्र ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत येते. वेंगुर्ल्यापासून कोल्लमपर्यंत गोदामं रिकामी होत आलेली असतात तेव्हा ताजी बी तिथूनच यायची. त्यामुळे भाव चढा. शिवाय आउटटर्न, म्हणजे बीतून निघणारा गर, चांगला. नमुन्याची एक किलो बी फोडली आणि चांगला गर २८० ग्रॅम, डागी २० ग्रॅम निघाला, तर डागी निम्मा धरायचा. झाले २९० ग्रॅम. ८० किलोच्या पोत्याला २३.२ किलो, म्हणजे ५१ पौंड. व्यापारी बोलतात ते या पौंडांत.

एवढा माल हाताशी असून शेतकऱ्याच्या पदरात किती पडतं, हा खरा शासनाचा प्रश्न आहे. १९७३-७४मध्ये तिथे सुमारे १ लाख ४५ हजार टन बी निघाली होती. पुढे उजामाच्या, म्हणजे सामूहिक गावं वसवण्याच्या समाजवादी धोरणात लोकांना नव्या गावांत हलवलं, झाडं मागे राहिली. खरेदी सरकारी मक्त्याची, त्यात भुरी रोग. १९८६-८७पर्यंत उत्पादन सतरा हजार टनांच्या आसपास आलं. त्याच काळात जागतिक बँकेच्या कर्जातून इटालियन आणि जपानी यंत्रांचे कारखाने उभे राहिले होते. त्यातल्या अनेकांची पुढे नुसती गोदामं झाली.

२००७पासून गोदाम पावती पद्धत आली. शेतकरी गावच्या सहकारी संस्थेत बी घालतो, ती मुख्य गोदामात जाते, ओलावा आणि प्रत तपासून पावती निघते, मग सहकारी संघाच्या लिलावात बंद निविदा उघडतात. कागदावर उत्तम. पण सुरुवातीला आधी अंदाजी भावाचा हप्ता आणि लिलावानंतर उरलेलं, असा हिशेब होता. जागतिक भाव पडला की दुसरा हप्ता आटायचा. वाहतूक, गोदामभाडं, संघाचं कमिशन, जिल्ह्याचा कर, सगळं त्यातूनच कापलं जाई. एप्रिल २०१३मध्ये लिंडी प्रांतातल्या लिवाले इथे याच हप्त्यावरून दंगल पेटली, घरं जाळली गेली.

आता लेव्हीकडे येऊ, कारण माझ्या मते गोम तिथेच आहे. कच्च्या बीवर निर्यात लेव्ही, म्हणजे निर्यातीवरचा कर, एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) १५ टक्के किंवा टनाला १६० डॉलर, जे जास्त असेल ते. टनाचा भाव २००० डॉलर धरला तर लेव्ही ३०० डॉलर. त्यातले ६५ टक्के, म्हणजे १९५ डॉलर, काजूच्याच कामाला परत यायचे: रोपं, संशोधन आणि मुख्य म्हणजे गंधक. भुरी मोहोर खाते. त्यावर झाडामागे पाव किलो गंधक भुकटी, ठरावीक अंतराने पाच वेळा, असा जुना शिफारशीचा हिशेब आहे. पहिली फवारणी चुकली की मोहोर गेला; पुढच्या चार मारून तो परत येत नाही.

जून २०१८मध्ये कायदा बदलून ही सगळी लेव्ही थेट सरकारी तिजोरीत वळवली. दक्षिणेच्या खासदारांनी संसदेत आरडाओरडा केला, पण उपयोग झाला नाही. ऑक्टोबरच्या लिलावात व्यापाऱ्यांचा भाव किलोला साधारण १९०० ते २७०० शिलिंग आला. आदल्या वर्षी चार हजारांच्या आसपास पाहिलेल्या शेतकऱ्यांनी माल द्यायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी जाहीर केलं, सगळा माल सरकार ३३०० शिलिंगांनी घेणार. लष्कराचे ट्रक रस्त्यावर आले. वाहवा झाली.

अडचण चुकाऱ्याशी आली. गावोगाव कच्च्यात बी घेणाऱ्या दलालांना तिथे ‘कांगोंबा’ म्हणतात. त्यांना वगळण्यासाठी पडताळणी सुरू झाली. दीड टनापेक्षा जास्त माल आणणाऱ्याची बाग प्रत्यक्ष बघायची असं ठरलं. आता, पावसाळ्यात शेतकऱ्याला उसने पैसे देणारा हाच कांगोंबा. त्याचा माल अडला म्हणजे पुढच्या हंगामाचं कर्जही अडलं. सरकारकडे गिऱ्हाईकही तयार नव्हतं. जानेवारी २०१९मध्ये एका केनियन कंपनीशी एक लाख टनांचा करार झाला आणि पुढे मोडला. तोवर म्त्वाऱ्यात पाऊस. बी आठ-दहा टक्के ओलाव्याच्या वर गेली की गर काळवंडतो आणि आउटटर्न उतरतो.

२०१७-१८चं ३ लाख १३ हजार टनांचं पीक पुढच्या हंगामात सव्वादोन लाखांवर आलं आणि दोन वर्षं तिथेच रेंगाळलं. पावसाचाही वाटा असेल. पण गंधक वेळेवर न पोहोचणं आणि पैसे रखडणं ही कारणं मला जास्त वजनदार वाटतात. पुढे सरकारने गंधक फुकट वाटायला सुरुवात केली, २०२४मध्ये लिलाव कमोडिटी एक्स्चेंजच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेले, आणि पीक पाच लाख टनांच्या पुढे गेलं.

तरी माल बहुतेक कच्चाच जातो. लेव्ही कच्च्या बीवरच असल्याने स्थानिक कारखान्याला १५ टक्के फायदा दिसतो. पण त्याला वर्षभराची बी दोन-तीन महिन्यांत भरून ठेवावी लागते. भारतातला किंवा व्हिएतनाममधला कारखानदार ऑक्टोबरात टांझानिया, फेब्रुवारीत घरचा माल, मग आयव्हरी कोस्ट असा हप्त्या-हप्त्याने घेतो. सरासरी सहा महिने साठा आणि बँकेचं व्याज १५ टक्के धरलं, तर साडेसात टक्के तिथेच गेले. सवलतीतला निम्मा वाटा यंत्र सुरू होण्याआधीच संपला, आणि फुटक्या गराची घट अजून धरलेलीच नाही.