ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती

(दृश्य: भिंतीवरील बटण दाबले जाते आणि खोलीत उजेड पडतो.)

हा दिवा लागला, तेव्हा त्याला लागणारी वीज तारांमध्ये वाट पाहत थांबलेली नव्हती. ती त्याच क्षणी, कदाचित शेकडो किलोमीटर अंतरावरच्या एखाद्या जनित्रात निर्माण झाली. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. त्यामुळे ग्रिडला, म्हणजे केंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली सर्व केंद्रे मिळून जेवढी वीज निर्माण करतात, तेवढीच वीज, वहनातील हानी धरून, त्याच क्षणी वापरली जावी लागते. वीजव्यवस्थेतील यंत्रे आणि त्यांचे नियम समजून घ्यायचे असतील, तर सुरुवात या अटीपासून करावी, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: तांब्याच्या तारेची गुंडाळी, आत-बाहेर सरकणारे चुंबक, थरथरणारी सुई.)

लोहाराच्या घरात जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र गुंडाळ्या गुंडाळल्या. पहिल्या गुंडाळीतील प्रवाह सुरू किंवा बंद करताना दुसऱ्या गुंडाळीला जोडलेल्या प्रवाहमापकाची सुई हलली. प्रवाह स्थिर राहिला, की सुईही स्थिर राहिली. पुढे ऑक्टोबर महिन्यात त्यांनी चुंबक गुंडाळीत सरकवून आणि चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून वीज मिळवली. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल किंवा धातू त्या क्षेत्रातून सरकत असेल, तरच अशा रीतीने वीज निर्माण होते, हे त्यातून सिद्ध झाले. आजची जवळजवळ सर्व मोठी जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

या तत्त्वाची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची असून तिचा उल्लेख मात्र कमी होतो. जनित्राच्या गुंडाळीतून प्रवाह घेतला जात नसेल, तर त्यातील चुंबक सहज फिरते. प्रवाह घेऊ लागताच त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते फिरण्याला विरोध करते. हा नियम हाइनरिक लेन्झ यांनी 1834 मध्ये मांडला. जेवढी वीज घ्यावी, तेवढा जनित्राचा आस फिरवणे जड जाते. म्हणजे दूरच्या घरात चालू झालेल्या प्रत्येक दिव्याचा भार, अत्यंत सूक्ष्म का होईना, फिरणाऱ्या पोलादी आसावर पडतो.

(दृश्य: औष्णिक केंद्राची यंत्रशाळा.)

हा आस फिरवण्यासाठी औष्णिक केंद्रात कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात. मोठ्या संचांत ती 540 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेली असते आणि प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर सोडली जाते. चार्ल्स पार्सन्स यांनी 1884 मध्ये बांधलेल्या बाष्प टर्बाइनचाच हा विस्तार आहे. अणुकेंद्रात उष्णता अणूच्या विखंडनातून येते. पुढची वाट तीच. उष्णतेचे पूर्णपणे गतीत रूपांतर करणे निसर्गनियमांनुसार शक्य नसल्यामुळे कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशापासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंतचाच भाग वीज होतो आणि उरलेली उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून, धुराड्यातून किंवा जलाशयातून निघून जाते. जलविद्युत केंद्रात उष्णतेचा टप्पाच नसल्याने पडत्या पाण्याच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हाती लागतो.

50 हर्ट्झच्या ग्रिडमध्ये विजेची दिशा सेकंदाला 50 पूर्ण आवर्तने करते; हीच तिची वारंवारिता. त्यासाठी दोन ध्रुवांचे बाष्प जनित्र मिनिटाला नेमके 3000 फेरे घेते. पाण्यावरचे टर्बाइन इतक्या वेगाने फिरत नाही, म्हणून त्याच्या जनित्रावर अधिक ध्रुव बसवतात; 48 ध्रुव असतील, तर मिनिटाला 125 फेरे पुरतात. वेग निरनिराळे असले, तरी एका ग्रिडला जोडलेली ही सर्व जनित्रे शेकडो किलोमीटर अंतरावरूनही एकाच तालात फिरतात.

(दृश्य: उपकेंद्र, रोहित्रे, माळरानावरून जाणारे मनोरे.)

तारांमधून जाताना विजेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो आणि ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विद्युतदाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती पोहोचवण्यासाठी प्रवाह एक दशांश लागतो आणि हानी एक शतांशावर येते. म्हणूनच केंद्राबाहेर पडताना रोहित्रे विजेचा दाब 400 किलोव्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही वर नेतात आणि वस्तीजवळ आल्यावर तो टप्प्याटप्प्याने उतरवला जातो. जर्मनीत 1891 मध्ये लाउफेन येथे नेकर नदीच्या पाण्यावर निर्माण केलेली त्रिकला (थ्री-फेज) वीज सुमारे 15,000 व्होल्ट दाबाने 175 किलोमीटर अंतरावरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेण्यात आली. तिच्यावर तेथे दिवे लागले आणि पंपाने उपसलेल्या पाण्याचा कृत्रिम धबधबाही वाहिला. केंद्र शहराच्या मध्यभागी असण्याची गरज उरली नाही, हे त्या दिवसांत लोकांना प्रत्यक्ष दिसले.

तारेतले इलेक्ट्रॉन केंद्रापासून घरापर्यंत प्रवास करतात, असा एक समज आहे. प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, प्रवाहात ते मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाइतके जागच्या जागी मागेपुढे होतात. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पुढे जाते ती तारेभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा.

(दृश्य: पंखे, पंप, उद्वाहने, कारखान्यातील पट्टे.)

वापराचा विचार करताना दिवा प्रथम डोळ्यांसमोर येत असला, तरी जगातील विजेचा जवळपास निम्मा भाग मोटरी वापरतात. मोटर ही उलट दिशेने चालवलेले जनित्रच असते: एकीकडे फिरण्यातून वीज, दुसरीकडे विजेतून फिरणे. 1000 वॉटचे उपकरण तासभर चालले, की एक युनिट वीज खर्च होते. हा आकडा लहान वाटतो. परंतु तेवढी सगळी ऊर्जा उचलण्याच्या कामी लावता आली, तर एक टन वजन सुमारे 365 मीटर उंच नेता येईल. तापलेल्या तारेच्या जुन्या बल्बमध्ये विजेचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग प्रकाश होत असे. एलईडी दिवा तेवढाच उजेड अगदी थोड्या विजेत देतो. त्यासाठी आवश्यक असलेल्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

(दृश्य: ग्रिडचा तोल सांभाळणारे भारप्रेषण केंद्र, मोठ्या फलकावर वारंवारितेचा आकडा.)

सुरुवातीला सांगितलेली अट या दालनात डोळ्यांनी पाहता येते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली, की सर्व जनित्रांचे आस किंचित मंदावतात आणि वारंवारिता 50 च्या खाली येते; मागणी घटली, की ती वर जाते. चढ लागल्यावर सायकलस्वार पायडलवरचा जोर वाढवतो, त्याप्रमाणे टर्बाइनचा वेगनियामक वाफेची किंवा पाण्याची झडप अधिक उघडतो. तो उघडेपर्यंतच्या काही क्षणांत तोल सांभाळते ती फिरणाऱ्या अवजड भागांत साठलेली गतीची ऊर्जा, म्हणजेच त्यांचे जडत्व.

तारांची भार वाहण्याची मर्यादाही अशीच काटेकोर असते. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात भाराने तापून लोंबलेल्या वाहिन्या न छाटलेल्या झाडांना लागून बंद पडल्या. नियंत्रण कक्षातील इशारा देणारी संगणकप्रणाली त्या वेळी काम करत नव्हती. बंद पडलेल्या वाहिन्यांचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक सुटल्या आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले.

मागणी कमी असताना पाणी खालच्या जलाशयातून वर चढवायचे आणि मागणी वाढताच ते टर्बाइनवर सोडायचे, ही उदंचन योजना साठवणुकीचा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. वेल्समधील डिनॉर्विग केंद्र सज्ज स्थितीतून काही सेकंदांत शेकडो मेगावॉट वीज देऊ शकते. अशा योजनेत वर चढवण्यासाठी खर्च केलेल्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत मिळतो. बॅटऱ्या याहून जलद प्रतिसाद देतात, मात्र बहुतेक ठिकाणी त्या काही तासांचीच गरज भागवतात.

(दृश्य: सौर पटलांची लांबच लांब रांग.)

सौर पटलात फिरणारा भागच नसतो. सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच एकदिश प्रवाह निर्माण होतो आणि इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. धूर नाही, राख नाही, इंधनाची वाहतूक नाही. परंतु जडत्वही नाही. ग्रिडमध्ये अशी निर्मिती वाढत जाईल तसतशी वारंवारिता अधिक वेगाने ढळू शकते, आणि आजच्या अभियंत्यांपुढचा हा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. त्यासाठी ग्रिडचा ताल स्वतः धरून ठेवणारे इन्व्हर्टर वापरात येऊ लागले आहेत. काही ठिकाणी बंद झालेल्या केंद्रांतील जनित्रे टर्बाइनपासून सोडवून, ग्रिडकडूनच थोडी वीज घेऊन, कोणतेही इंधन न जाळता केवळ त्यांच्या जडत्वासाठी आणि विद्युतदाब स्थिर ठेवण्यासाठी फिरत ठेवली जातात.