कुंभारणीची चुलत भावंडं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

कीर्तनातला भृंगीचा दृष्टांत तुम्ही ऐकला असेलच. भृंगी अळीला उचलून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि भीतीपोटी भृंगीचाच ध्यास घेऊन अळीची शेवटी भृंगी होते. बुवांच्या तोंडून गोड वाटतो. पण गोठ्याच्या भिंतीवरचं कुंभारीण माशीचं, म्हणजे या भृंगीचंच, घर फोडून बघा. कुंभारीण अळीला नांगी मारून नुसती लुळी करते. मारली तर सडेल ना! सोबत अंडं ठेवते, घर लिंपते आणि निघून जाते. अंड्यातलं पिल्लू ही ताजी शिदोरी खातं आणि पंख फुटले की माती पोखरून बाहेर पडतं. आत गेली अळी, बाहेर आली माशी. बघणाऱ्याने जोडायचं ते जोडलं!

आज बोलायचंय ते हिच्या चुलत भावंडांबद्दल. ती घर बांधायच्या फंदातच पडत नाहीत. किडीचं अंग हेच त्यांचं घर.

पपईवाल्यांना 2008 नंतरची ती वर्षं आठवत असतील. तामिळनाडूत कोइमतूरला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला, मूळचा मेक्सिकोचा. बघता बघता तो केरळ, कर्नाटक करत आपल्याकडेही आला. पपईच काय, तुती, जास्वंद, पेरू, अगदी बांधावरचं गाजर गवतही त्याने सोडलं नाही. अंगावर मेणाचा कापूस, त्यामुळे औषध ओघळून जायचं. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या राखण करायला हजर, आणि त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी. लोकांनी फवारे वाढवले. पिठ्या मात्र हटेना. कारण तो इथे आला तो एकटाच. त्याला खाणारे मेक्सिकोकडेच राहिले.

म्हणून 2010 साली बंगळूरच्या केंद्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या मागवल्या. नीट पारखून, वाढवून त्या शेतांत सोडल्या. तिघींत सरस ठरली ती असेरोफॅगस पपाये. नाव जिभेला जड, पण अंगाने एक मिलिमीटरसुद्धा नाही. माणसाला ती चावत नाही. ती लहान पिठ्याला गाठते, मिशांनी चाचपते आणि त्याच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू त्याला आतूनच खात राहतं. पिठ्या फुगतो, कडक होतो, पिवळट तपकिरी पडतो. एक दिवस त्या टरफलाला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक पडतं आणि नवी माशी बाहेर येते. वर्षभरात दक्षिणेतल्या बागांमधला जोर ओसरला.

ट्रायकोकार्ड याच घराण्यातलं. म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्याशा परोपजीवी माशीची पिल्लं ज्यांच्या आत वाढतात, अशी अंडी चिकटवलेला कागद. डाळिंबाच्या सुरसा अळीसाठी ते वापरतात. ही माशी अळीपर्यंत जातच नाही, फुलपाखराच्या अंड्यातच काम उरकते. कार्ड संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला लावा. आणि लगेच दुसऱ्या दिवशी कडक औषध मारू नका. कार्डही लावलं, फवाराही मारला, आणि मग "कार्डात काही दम नाही" म्हणणारे मला दर हंगामात भेटतात.

या आठवड्यात एवढं करा. पपईचं पिठ्या लागलेलं पान तोडा. पान उलटं करून भिंगातून बघा. भोकं पडलेली टरफलं दिसली तर पंप खाली ठेवा, खोडावर चढणाऱ्या मुंग्यांचा तेवढा बंदोबस्त करा. फुगलेले पण भोक न पडलेले पिठ्ये असतील, तर ते पान काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचं दुहेरी फडकं बांधा, बरणी सावलीत असू द्या. आठ-दहा दिवस रोज सकाळी उजेडाकडे धरून बघा. काचेवर राईच्या दाण्याहून लहान ठिपके चालताना दिसतील. मग ज्या झाडावर पिठ्या सर्वांत जास्त आहे, त्याच्या बुडाशी नेऊन फडकं सोडा.

नमस्कार.