आपोआप कोसळणारी लगोरी

(दृश्य: संगणकाचा पडदा. काळ्या पार्श्वभूमीवर सात दगड. पंख्याचा आवाज.)

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत, एका पडद्यावर सात चपटे दगड एकावर एक रचलेले दिसतात. चेंडू अजून कोणी फेकलेला नाही. वाराही सुटलेला नाही, कारण या गेममध्ये वारा अजून कोणी लिहिलेलाच नाही. तरीही सर्वांत वरचा दगड थरथरू लागतो, त्याच्या खालचा किंचित सरकतो आणि तीन-चार सेकंदांत संपूर्ण लगोरी आपोआप जमिनीवर पसरते. समोर बसलेली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ते निर्विकारपणे पाहते आणि वहीत एक उभी रेघ ओढते. सकाळपासूनची ही एकोणिसावी रेघ आहे.

मुंबईत मध्य रेल्वेच्या एका स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या या अभियांत्रिकी महाविद्यालयात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब आहे. क्लबला स्वतःची खोली नाही. शनिवारची प्रात्यक्षिके आटोपली की प्रयोगशाळेची किल्ली शिपाई काकांकडून मागून आणायची आणि सात वाजता ती परत नेऊन द्यायची, एवढाच त्याचा कारभार. अशा उसन्या जागेत गेम घडणे ही मात्र काही नवी गोष्ट नव्हे. 1962 साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत 'स्पेसवॉर' हा गेम आकाराला आला, तो तेथील खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबमध्ये रमणाऱ्या स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांच्या हातून, आणि तोही संस्थेचा संगणक मोकळा सापडेल त्या वेळात.

लगोरी का पडते, हे समजून घेण्यात क्लबचे दोन शनिवार गेले. गेम इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते, गुरुत्वाकर्षणाचे गणित अखंड करत नाही. मुले वापरतात त्या गोडॉट या इंजिनात सेकंदाचे साठ समान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याला एकदा हिशेब होतो. त्या प्रत्येक हिशेबात वरचा दगड केसभर खाली येऊन खालच्या दगडात घुसतो, आणि ही घुसखोरी लक्षात येताच इंजिन त्याला पुन्हा बाहेर ढकलते. दोन दगड असतील तर हा लपंडाव डोळ्यांना दिसत नाही. सात असतील तर तळाशी केलेली दुरुस्ती वरपर्यंत पोचेतो पुढचा हिशेब सुरू झालेला असतो, चुका थरांवर थर चढाव्यात तशा साठत जातात आणि शेवटी वरचा दगड त्या ओझ्याने घसरतो. गल्लीत फुटक्या फरशीचे सात तुकडे एकावर एक ठेवून जी लगोरी दहा वर्षांचे पोर अर्ध्या मिनिटात लावते, ती संगणकाला जमत नाही याचे कारण एवढे साधे आहे.

यावर सापडलेला उपाय काहीसा लबाडीचा आहे. चेंडूचा स्पर्श होईपर्यंत सातही दगडांना 'झोपवून' ठेवायचे, म्हणजे त्यांचा हिशेबच करायचा नाही. चेंडू लागला की सगळे एकदम जागे होतात आणि उधळतात. पुढे खेळाडू लगोरी पुन्हा लावू लागतो, तेव्हा त्याने ठेवलेला दगड योग्य जागेच्या जवळपास असला तरी गेम तो हळूच नेमक्या ठिकाणी सरकवतो आणि पुन्हा झोपवतो. खेळणाऱ्याला वाटते, आपला हात बसला. गेम बनवण्याच्या धंद्यात अशा उदार फसवणुकीची मोठी परंपरा आहे. उड्या मारण्याच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडीचे बटण चालू ठेवतात. त्याला 'कायोटी टाइम' म्हणतात आणि ते नसेल तर खेळाडू चिडून म्हणतो, "मी बटण दाबलं होतं!" तो खोटे बोलत नसतो. डोळा, बोट आणि पडदा यांच्यात जे अंतर असते, ते बनवणाऱ्याने सोसायचे असते, असा माझा तरी समज हे काम जवळून पाहताना झाला.

(दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेली यादी. निम्म्याहून अधिक ओळी खोडलेल्या.)

हा लगोरीचा गेम सुरू झाला तो एका गेम जॅममध्ये. ठरावीक वेळात, आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर, खेळता येईल असा गेम पूर्ण करायचा, ही जॅमची रीत. 2009 साली सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅममध्ये पहिल्याच वर्षी 23 देशांतील 53 ठिकाणी मुलांनी आणि व्यावसायिकांनी 48 तास एकत्र बसून गेम बनवले. 2013 साली तर विषय शब्दांत दिलाच नव्हता, हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. या क्लबचा जॅम मात्र सलग 48 तास चालू शकत नाही. रात्री इमारत बंद होते, मुक्कामाची परवानगी मिळत नाही आणि कर्जत-कसाऱ्याकडे राहणाऱ्या मुलांना शेवटच्या लोकलचा हिशेब ठेवावा लागतो. त्यामुळे मुले जॅमचे तास दोन शनिवार-रविवारांत वाटून घेतात आणि बरेचसे चित्रकाम लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर, मांडीवरच्या लॅपटॉपवर होते.

जॅममध्ये शिकायला मिळते ती कापाकापी. पहिल्या दिवशी फळ्यावर चाळीचे तीन मजले होते, गच्ची होती, पतंग होते, चेंडू पळवणारा कुत्रा होता आणि बारा पात्रांचे संवाद होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीचे अंगण उरले, दोन संघ उरले आणि चेंडू उरला. कुत्र्यासाठी बराच वेळ वाद झाला. कुत्रा ज्याने काढला होता, तो प्रथम वर्षाचा मुलगा दिवसभर कोणाशी बोलला नाही. अखेर चौथ्या वर्षाच्या ताईने तो कुत्रा अंगणाच्या कोपऱ्यात नुसता झोपलेला ठेवला. तो काहीही करत नाही, आणि गेम पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्याच्याकडेच बोट दाखवतो.

एक अडचण मात्र खास आपली होती. गेममधील मजकूर मराठीत असावा, यावर सर्वांचे एकमत होते. पण क्लबमधल्या जुन्या संगणकांवर इंजिनाची आधीची आवृत्ती होती आणि तिला देवनागरी जुळवता येत नव्हती. आपल्या लिपीत 'जि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते 'ज'च्या नंतर आणि दाखवावी लागते आधी. जोडाक्षरांत तर अक्षरे एकमेकांत मिसळून आकारच बदलतात. हे न जाणणारे सॉफ्टवेअर मिळतील ती चिन्हे मिळतील त्या क्रमाने ओळीत मांडते. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' ऐवजी 'पुन् हा प् रयत् न करा' उमटले, आणि 'जिंकलात' मधील वेलांटी 'ज'च्या उजवीकडे पाहुण्यासारखी उभी राहिली. मुलांनी आधी प्रत्येक वाक्याचे चित्र काढून चिकटवले. पाटीसाठी ते चालते, पण क्षणाक्षणाला बदलणाऱ्या मजकुराची चित्रे किती काढणार? 2023 साली आलेल्या गोडॉटच्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची नीट मांडणी करण्याची सोय झालेली आहे, हे कळल्यावर सगळा गेम नव्या आवृत्तीत हलवण्यात आला. त्या भरात लगोरी पुन्हा एकदा आपोआप पडू लागली, ते वेगळे.

(दृश्य: दादरमधील मंगल कार्यालयाचे प्रवेशद्वार. आदल्या दिवशीच्या मुंजीची झेंडूची तोरणे अजून लटकलेली.)

मुंबईत एकत्र जमून गेम खेळण्याला जुना इतिहास आहे. ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना गल्लीतल्या गेम पार्लरमधील उभी यंत्रे आठवतात. कॅपकॉमने 1993 साली काढलेल्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या गेमला तर त्यातील एका पात्रामुळे सगळे 'मुस्तफा' म्हणूनच ओळखत. पुढे सायबर कॅफेत तारांनी जोडलेल्या संगणकांवर 'काउंटर-स्ट्राइक' रंगू लागला आणि त्यानंतर मोबाइलने प्रत्येकाला आपापल्या घरी बसवले. हल्ली सुटीच्या दिवशी एखादे छोटे सभागृह घेऊन भरणारे खेळाचे मेळावे म्हणूनच मला थोडे पार्लरचे वारसदार वाटतात.

दादरच्या या मंगल कार्यालयात आज असाच एक मेळावा भरला आहे. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी आरक्षण करताना एकच प्रश्न विचारला होता, "पैसे लावून खेळणार नाही ना?" प्रश्न अवाजवी नव्हता. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता देणारा कायदा केला, पण घरोघरी 'गेम' हा शब्द या दोन्हींसाठी सरसकट वापरला जातो.

सभागृहाच्या एका बाजूला लढतीच्या गेमची स्पर्धा चालू आहे. दोनदा हरेपर्यंत कोणी बाद होत नाही, त्यामुळे दिवस लांबतो. खेळाडू आपापले कंट्रोलर घरून घेऊन आले आहेत. भाड्याने आणलेल्या मोठ्या टीव्हीवर पहिल्याच फेरीत तक्रार आली की बटण दाबल्यावर पडद्यावरचा हात मागे पडतो आहे. टीव्ही चित्र सुबक करण्यासाठी थोडा वेळ घेतो, आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राचा वाटा असतो जेमतेम 17 मिलिसेकंदांचा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड', म्हणजे ही सजावट टाळून चित्र लगेच दाखवण्याची सोय, शोधून काढेपर्यंत वीस मिनिटे गेली.

दुसऱ्या भिंतीपाशी, एरवी जेथे जेवणाच्या पंगतीची टेबले असतात तेथे, क्लबचे तीन लॅपटॉप मांडले आहेत. स्पर्धेतून बाद झालेले खेळाडू त्यांच्याकडे वळतात, आणि याहून कठोर परीक्षक मिळणे अवघड. चेंडू सुटायला क्षणाचा उशीर झाला तरी त्यांच्या भुवया वर जातात.

टेबलामागे चिकटवलेल्या कागदावर तीनच शब्द आहेत : 'आपण बोलायचे नाही.' तो कागद पाहुण्यांसाठी नाही, क्लबच्या मुलांसाठी आहे. खेळणारा अडला, चुकीचे बटण दाबू लागला, अंगणाच्या भिंतीला डोके आपटत राहिला तरी त्याला सांगायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. कारण गेम घरी खेळणाऱ्याच्या शेजारी बनवणारा बसलेला नसतो. हा नियम पाळणे किती जड जाते ते मुलांच्या चेहऱ्यांवर दिसते. एका मुलाने हात पाठीमागे घट्ट धरले आहेत.

संध्याकाळी मोठ्या भावाबरोबर आलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा लगोरीसमोर बसतो. पहिला चेंडू हुकतो. दुसरा नेमका लागतो, दगड उधळतात, आणि विरुद्ध संघाचा चेंडू चुकवत तो एकेक दगड परत रचू लागतो. पाच. सहा. सातवा दगड जागेवर बसतो आणि पडद्यावर 'जिंकलात' अशी अक्षरे येतात, वेलांटी आपल्या जागी. मुलगा समाधानी दिसत नाही. तो कंट्रोलरवरची बटणे एकामागून एक दाबून पाहतो, उलटा करूनही पाहतो. मग कंट्रोलर टेबलावर ठेवतो, दोन्ही हात वर करतो आणि स्पर्धेतले खेळाडूही वळून पाहतील अशा आवाजात ओरडतो, "लगोरी!"

टेबलामागची विद्यार्थिनी काही बोलत नाही. वहीचे नवे पान उलटते आणि लिहू लागते.