वजनकाट्यावर न दिसणारा आजार

श्रोतेहो, नमस्कार.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आपल्या कोल्हापुरात घरातले कोणी जेवण टाळू लागले, तर ते चटकन ध्यानात येईल असे वाटते. प्रत्यक्षात खाण्याचे विकार असे सहज ध्यानात येत नाहीत. मंगळवार-शुक्रवारच्या उपवासांत मुलीचे कमी खाणे सहज झाकले जाते, आणि तालमीतल्या पोराने वजनगटासाठी जेवण तोडले, तर त्याच्या निग्रहाचे कौतुकच होते.

उपवास करणारी व्यक्ती पारण्याची वाट पाहते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा खाण्याचा विकार झालेल्या व्यक्तीला त्या पारण्याचीच धास्ती असते. भूक बहुधा मेलेली नसते, पण वजन वाढण्याची भीती तिच्यावर मात करते, आणि हाडे दिसू लागली तरी आरशात आपण जाडच भासतो. पुढे नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, पाळी थांबते. पाळी थांबण्याची अट अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली काढून टाकली, हे योग्यच झाले. त्या अटीत मुलगे बसणार तरी कसे?

बुलिमिया ओळखणे अधिक कठीण, कारण त्यात वजन पुष्कळदा सर्वसाधारणच असते. १९७९ साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. थोड्या वेळात ताबा सुटून भरमसाट खाणे आणि मग ओकून, जुलाबाची औषधे घेऊन किंवा अतोनात व्यायाम करून ते भरून काढणे, हे चक्र आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चालले, तर निदान होते. दातांवरचे आवरण झिजलेले आणि कानाखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या दिसल्याने पहिली शंका कधी कधी दंतवैद्यालाच येते. रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या रुग्णालाही धोका असतोच. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये असे खाणे होते, पण ते भरून काढण्याची धडपड नसते. उरते ती लाज आणि एकट्याने, लपून खाणे.

आजार कळल्यावर माया उतू जाते आणि ताट गच्च भरले जाते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते. त्यामुळे फार खंगलेल्या रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. चक्कर, छातीत धडधड किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. एरवी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.